काळी बिअर आणि मोहाची फुलं

मराठीत दारूसाठी क्रियापदांचा तुटवडा नाही. दारू पितात, ढोसतात, झोकतात, रिचवतात. नागपूरकडे तर "मारून आला" एवढं म्हटलं तरी पुरतं, काय मारलं ते कुणी विचारत नाही. जो पीत नाही तो 'शिवत' नाही. पण चाखणं हे क्रियापद दारूच्या वाट्याला कधी आलं नाही. आंबा चाखतात, मुरंबा चाखतात, लग्नाच्या पंगतीआधी आचाऱ्याची भाजी चाखतात. दारू कुणी चाखत नाही. 'चखणा' असा एक शब्द आहे खरा, पण तो सोबतच्या खाऱ्या शेंगदाण्यांसाठी! म्हणजे चव घ्यायची ती शेंगदाण्याची, दारू आपली नुसती पोटात पोहोचवायची.

असं का झालं असावं, हा प्रश्न मला एका गोड, दाट, काळ्याकुट्ट बिअरमुळे पडला. तिचं नाव स्टाउट. घरातली जी मंडळी हे वाचतील त्यांनी लगेच आईला फोन करू नये ही विनंती. तिला सगळं माहीत आहे. किंबहुना या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तिचंच आहे. पण त्याआधी थोडा इतिहास. नमनाला घडाभर तेल जाणार, पण इलाज नाही.

*

स्टाउट समजून घ्यायची तर आधी पोर्टर समजून घ्यावी लागते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं लंडन डोळ्यांपुढे आणा. थेम्स नदीच्या धक्क्यांवर आणि शहराच्या गल्ल्यांमध्ये हजारो हमाल ओझी वाहतायत. हमालाला इंग्रजीत म्हणतात पोर्टर. दिवसभराच्या ओझ्यानंतर त्यांना हवी असायची गडद तपकिरी, भरपूर हॉप्स घातलेली, पिंपात महिनोन्महिने मुरवलेली बिअर. ती पोटाला आधार द्यायची, खिशालाही परवडायची. तिला नावच हमालांचं पडलं. राल्फ हारवुड नावाच्या माणसाने १७२२ साली ती शोधून काढली अशी एक गोष्ट पुस्तकांतून सांगितली जाते, पण ती दंतकथा आहे. अशा गोष्टी एका माणसाने एका दिवशी शोधलेल्या नसतात. पुरणपोळी कुणी शोधली?

या पोर्टरमधली जी जास्त कडक असायची ती 'स्टाउट पोर्टर'. स्टाउट म्हणजे तगडी. पुढे पोर्टर गळलं आणि नुसती तगडी उरली. डब्लिनमध्ये आर्थर गिनेसने १७५९ मध्ये आपली ब्रुअरी सुरू केली, ती आज या काळ्या बिअरचं जगभरातलं सर्वांत ओळखीचं नाव आहे.

पोर्टर हा लंडनमधला पहिल्या मोठ्या कारखानदारी धंद्यांपैकी एक. दोन-दोन मजली उंच लाकडी पिंपं बांधायची आणि त्यात बिअर मुरत ठेवायची. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी हॉर्स शू ब्रुअरीतलं असंच एक पिंप फुटलं. काळ्या बिअरची लाट भिंती पाडत शेजारच्या गरीब वस्तीत घुसली आणि आठ जीव गेले. बहुतेक बायका आणि मुलं. म्हणजे या पेयाच्या इतिहासात पहिल्यापासून गरिबाचा घाम आहे, अधूनमधून त्याचा जीवही आहे. हे पुढे लक्षात ठेवायचं.

आता एक योगायोग सांगतो, जो नागपूरच्या माणसाला आवडावा. बिअर करणाऱ्यांच्या हाती घनता मोजायचं यंत्र आलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पारंपरिक तपकिरी माल्टपेक्षा फिकट माल्टमधून साखर जास्त निघते. (माल्ट म्हणजे मोड आणून सुकवलेलं, भाजलेलं जव. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, तसाच प्रकार.) फिकट माल्ट वापरलं की खर्च वाचतो, पण बिअरही फिकट होते, आणि गिऱ्हाइकाला तर काळी हवी. जळकी साखर वगैरे घालून रंग आणावा तर कायद्याने बंदी. यावर डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने तोडगा काढला. कॉफीच्या बिया भाजाव्यात तसं फिरत्या पिंपात माल्ट काळंभोर होईपर्यंत भाजायचं. चिमूटभर घातलं की सगळी बिअर काळी, आणि कायद्याच्या दृष्टीने ते माल्टच! या युक्तीचं पेटंट १८१७ सालचं. आजच्या स्टाउटचा कॉफीसारखा खरपूस कडवटपणा तिथून आला.

आणि १८१७ च्या नोव्हेंबरातच, २६ आणि २७ तारखेला, आमच्या सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनी यांची लढाई झाली. भोसले हरले. चार वर्षांनी, १८२१ मध्ये, नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर कन्हान नदीच्या काठी कंपनीची छावणी उभी राहिली. ती म्हणजे आपली कामठी. छावणी आली म्हणजे गोरे सोजीर आले. सोजीर आले म्हणजे त्यांची तहान आली.

*

बिअरबद्दल थोडंफार वाचणाऱ्यांना 'इंडिया पेल एल' माहीत असते. हिंदुस्थानातल्या इंग्रजांसाठी खास विलायतेहून येणारी फिकट, कडू बिअर. तिच्यावर कौतुकाने पुष्कळ लिहिलं गेलंय. पण ती प्यायचे साहेब लोक. अधिकारी, कलेक्टर, व्यापारी. साध्या गोऱ्या सोजिराची बिअर होती पोर्टर. सरकार ती लंडनच्या ब्रुअऱ्यांकडून ठेक्याने पिंपंच्या पिंपं विकत घेऊन छावण्यांच्या कँटीनसाठी पाठवत असे, आणि तिचं प्रमाण त्या नावाजलेल्या पेल एलपेक्षा मोठं होतं असं अलीकडचे बिअरचे इतिहासकार दाखवून देतात. सरकारला सोजिरांच्या घशाची काळजी होती असं नाही. देशी अरक पिऊन सोजीर मरत होते, निदान बिअर पिऊन उभे तरी राहतील, असा सरळ हिशोब होता.

नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये. त्याआधी मध्य भारतातल्या छावण्यांचा जड माल बंदरापासून बैलगाड्यांनीच यायचा. लंडनच्या हमालांच्या नावाची बिअर आपल्याकडच्या हमालांनी आणि गाडीवानांनी घाट चढवून आणायची, ती सोजिरांनी प्यायची. वाहणाऱ्याच्या वाट्याला रिकामी पिंपं. मला कामठीच्या रस्त्याने जाताना आता हेच डोळ्यांसमोर येतं. पूर्वी फक्त ट्रकच दिसायचे.

त्याच काळात स्टाउटची एक बहीण पार वरच्या समाजात पोहोचली होती. लंडनच्या साउथवार्क भागात थ्रेल यांची ब्रुअरी होती. मालक वारल्यावर १७८१ मध्ये ती १,३५,००० पौंडांना विकली गेली. त्या व्यवहारात मृत्युपत्राचा एक व्यवस्थापक म्हणून शब्दकोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन होते. या ब्रुअरीची जास्त कडक स्टाउट रशियाच्या दरबारात, सम्राज्ञी कॅथरीनसाठी जाई. 'इम्पिरियल स्टाउट' म्हणतात ती हीच परंपरा. बर्फाळ समुद्रात गोठू नये म्हणून ती इतकी कडक करत, असं सांगतात. पण साध्या पोर्टरची पिंपंही त्याच समुद्रातून जात होतीच. कडक केली कारण तिकडच्या गिऱ्हाइकाला कडक आवडत होती आणि ती टिकतही जास्त होती. बस.

तिसरी बहीण सगळ्यात मजेदार. १९०७ साली इंग्लंडातल्या केंट परगण्यात मॅकेसन कंपनीने दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, घालून स्टाउट काढली. यीस्टला ही साखर खाता येत नाही, त्यामुळे ती तशीच बिअरमध्ये उरते आणि बिअर गोड, मऊ लागते. हिला 'मिल्क स्टाउट' म्हणत. अशा गोड स्टाउट आजाऱ्यांसाठी आणि बाळंतिणींसाठी पौष्टिक म्हणून खपवल्या जात. गिनेसनेही १९२९ पासून आपली स्टाउट तब्येतीला चांगली असल्याची जाहिरात चालवली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने बाटलीवर 'मिल्क' शब्द लिहायला मनाई केली. बरोबरच केलं. बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यावेत, बिअर कसली देता?

हसण्याआधी आपल्याकडेही जरा पाहू. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे हा कायदा आपल्याकडेही आला. महाराष्ट्रात या कायद्याखाली दारू प्यायला परवाना लागतो, आणि तो परवाना मिळतो 'आरोग्य राखण्यासाठी'! म्हणजे कागदोपत्री महाराष्ट्रातला प्रत्येक कायदेशीर पिणारा हा औषध घेणारा रुग्ण आहे. दारू आवडते म्हणून, तिची चव घ्यायची म्हणून पितो, असं म्हणायला कायद्याच्या भाषेतही जागा नाही. सुरुवातीला क्रियापदाचं बोललो होतो, ते आठवा.

*

विसाव्या शतकात फिकट, गार, फेसाळ लागर बिअरने जग जिंकलं आणि पोर्टर तर तिच्या लंडनमधूनही नाहीशी झाली. काळी बिअर टिकली ती आयर्लंडमध्ये, आणि गंमत म्हणजे उष्ण देशांत. नायजेरियात लागोसला १९६२ पासून गिनेसची ब्रुअरी होती. श्रीलंकेत लायन स्टाउट आजही निघते, चांगली ८.८ टक्क्यांची. आपल्याकडे मात्र सोजीर गेले तशी पोर्टर गेली. राहिली ती लागर, आणि तिचीही 'स्ट्राँग' आवृत्ती, जिच्यात चव कुणी शोधतच नाही.

पुढे अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरी बिअर करायला मोकळीक मिळाली. हौशी मंडळींनी जुन्या कृती उकरून काढल्या, त्यांच्यातल्याच काहींनी छोट्या ब्रुअऱ्या काढल्या. तीच 'क्राफ्ट बिअर'. महाराष्ट्रात तिची सुरुवात २००९ मध्ये पुण्याला डूलालीपासून झाली. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेत इम्पिरियल स्टाउट आणि मिल्क स्टाउट या दोन बहिणींचं एक नवं अपत्य निघालंय. तिला म्हणतात 'पेस्ट्री स्टाउट'. दहा-बारा टक्के अल्कोहोल, आणि वर कोको, व्हॅनिला, खोबरं, लॅक्टोज, काय वाटेल ते. म्हणजे केकच द्रवरूपात. हे नाव आधी थट्टेने दिलेलं होतं. पण लोकांना बिअर इतकी आवडली की थट्टा मागे पडली आणि नाव चिकटलं.

माझा पुतण्या अमेरिकेत असतो. मागच्या दिवाळीत आला तेव्हा तिचे दोन कॅन घेऊन आला. डब्यावर लिहिलं होतं १२ टक्के. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत बिअर ८ टक्क्यांपर्यंतच असते. म्हणजे भारतीय कायद्याने ही बिअरच नव्हे! मग काय आहे? ते ठरवायलाच आम्ही बसलो. मी, पुतण्या, माझी बायको, आणि पलीकडे सोफ्यावर जपमाळ घेऊन आई.

मी सवयीने कॅन फ्रीजरमध्ये टाकायला निघालो, तर पुतण्या म्हणाला, "काका, गार नका करू. बारा-तेरा डिग्रीला घ्यायची ही. आणि ग्लास छोटा आणा." मग त्याने मोबाईलवर एक कागद काढला. बीजेसीपी म्हणून बिअरच्या परीक्षकांची एक अमेरिकन संस्था आहे, १९८५ पासूनची. त्यांची गुणपत्रिका पन्नास गुणांची. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकूण समाधानाला १०. बोर्डाच्या पेपरसारखं वाटलं. मला आवडलं.

रूप. इंजिनातून काढलेलं जुनं ऑइल. खोटं नाही सांगत. उजेडासमोर धरली तरी आरपार काही दिसत नाही. वर दालचिनीच्या रंगाचा फेस, तोही दोन मिनिटांत बसला. एवढं अल्कोहोल आणि साखर असली की फेस टिकत नाही म्हणे. पण काळेपणा असा देखणा की तीनपैकी तीन दिले.

वास. पुतण्या म्हणाला कॉफी, व्हॅनिला. मला खोबरं आलं, करंजीच्या सारणासारखं भाजलेलं. बायकोने ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "चिक्कीचा पाक गॅसवर एक मिनिट जास्त राहिला की असाच वास येतो." अगदी नेमकं. करपला नाही, पण करपायच्या बेतात. बारापैकी नऊ. तीन कापले कारण व्हॅनिला जरा जास्त पुढेपुढे करत होती.

चव. पहिल्या घोटाला काकवी. मग कोको. मग भाजलेल्या माल्टचा तो खरपूस कडवटपणा, व्हीलरसाहेबांची कृपा. आणि गिळल्यावर छातीत एक ऊब. दुसरा घोट छान. तिसरा बरा. चौथ्याला गोडपणा जिभेवर बसू लागला आणि पाचव्याला वाटलं, आता लोणचं आणा. चांगल्या इम्पिरियल स्टाउटमध्ये कडूपणा गोडाला आवरून धरतो, जसं उत्तम बासुंदीत आटलेल्या दुधाचा किंचित खमंगपणा धरतो. इथे लगाम सुटला होता. वीसपैकी बारा. स्पर्श रेशमी, पाचपैकी चार. समाधान दहापैकी सहा. बेरीज चौतीस. त्यांच्या हिशोबाने 'फार छान' गटात बसते.

एक शोध मात्र आमचा स्वतःचा. आंबिया बहाराची संत्री आलेली होती. एक फोड खाऊन घोट घेतला तर बिअर एकदम सावरली. आंबटपणाने गोड कापला गेला, कोको वर आला. हे अमेरिकेतल्या त्या ब्रुअरला कुणीतरी कळवायला हवं.

आता आईचं वाक्य. रिकामा ग्लास तिच्या शेजारच्या टीपॉयवर राहिला होता. वय चौऱ्याऐंशी, जन्मात दारूला शिवलेली नाही. तिने ग्लास उचलला, वास घेतला, आणि म्हणाली,

"हा त वाळल्या मोहाचा वास आहे रे."

पुतण्याने कागद पुन्हा पाहिला. इम्पिरियल स्टाउटच्या वर्णनात गडद सुक्या फळांचा वास येऊ शकतो असं लिहिलेलं आहे. मनुका, आलुबुखार वगैरे. वाळलेलं मोहफूल दिसतं मनुकेसारखंच आणि त्याचा वासही त्याच घराण्यातला. आम्हा तिघांच्या नाकांना जे सापडलं नाही ते तिला सापडलं, कारण तिचं बालपण भंडारा जिल्ह्यात मोहाच्या झाडांखाली गेलं.

*

मग ती बोलत राहिली. चैत्राच्या तोंडाशी मोह फुलतो. फुलं रात्रभर टपटप पडतात, पहाटे बायका आणि पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात. पिवळसर पांढरी, गरगरीत, रसाने भरलेली. अंगणात वाळवायची, मग ती तपकिरी होतात. तिच्या घरी ती शिजवून पिठात मळून भाकरी करत. तिळासोबत कुटून लाडू करत. पावसाळ्यात धान्य संपलं की गावातल्या कित्येक घरांना मोहाचाच आधार. "दारूचं झाड म्हणता तुम्ही. आमचं त खायचं झाड होतं," ती म्हणाली.

दारू होतीच. गोंड घरांत जन्म, लग्न, मृत्यू, देवाचा नैवेद्य, यातलं काही मोहाच्या दारूशिवाय होत नसे. घरी मडक्यात फुलं भिजवायची, आंबवायची, चुलीवर ऊर्ध्वपातन करायचं. १८६१ मध्ये नागपूर राजधानी करून मध्य प्रांत झाला आणि सरकारचं लक्ष या मडक्यांकडे गेलं. गावठी भट्टीचा हक्क लिलावात विकला जाऊ लागला. पुढे मोठ्या डिस्टिलऱ्या आणि गॅलनमागे कर. मुंबई इलाख्यात तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी १८९२ साली खास मोहाचा कायदा केला गेला, आणि नुसती फुलं जवळ बाळगण्यावरही बंधनं आली. झाडाखाली पडलेलं फूल, तेही आता सरकारला विचारून उचलायचं! स्वराज्याची चाहूल लागल्यावर आपल्या माणसांनी केलेला मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा दारूबंदी कायदा १९३८ चा. मग १९४९ चा कायदा. हेतू वेगळा होता, पण मडकं गुन्ह्याचंच राहिलं. महाराष्ट्राने मोहफुलांवरची बंधनं उठवली ती २०२१ मध्ये.

लंडनची पोर्टर हमालांची होती. तिच्यावरही कर होता, पण तिच्यामागे भांडवल होतं, पिंपं होती, पार्लमेंटात ओळखी होत्या. तिच्यावर दोन-तीनशे वर्षं माणसं शिकत राहिली, लिहीत राहिली, गुण देत राहिली. मोह गोंडांचा होता. त्यांच्यामागे जंगल होतं, तेही सरकारने नेलं. ज्याला करताना पकडलं जायची भीती आहे, तो चांगली करायला कशाला थांबेल? घाईत केली, गूळ-नवसागर घालून केली, कुठे त्याहून वाईट घालून केली. तिचं नाव झालं हातभट्टी. आज गोव्याच्या एका कंपनीची, डेस्मंडजीची, मोहाची दारू २०१८ पासून देखण्या बाटलीत मिळते. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून मान्यता देऊन आदिवासी गटांना ती करायला परवानगी दिली आहे. चांगली गोष्ट आहे. पण आपलीच वस्तू वारसा म्हणून परत मिळायला दीडशे वर्षं लागली.

*

एवढं वाचून कुणाला वाटेल, मी दारूची वकिली करतोय. तसं नाही.

मराठी मनाने दारूची भीती उगीच बाळगलेली नाही. महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये पुण्यातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं होतं. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलं. ते गेले २३ जानेवारी १९१९ रोजी, आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला. तो सुधाकर आणि ती सिंधू प्रत्येक मराठी घराने आपापल्या नात्यात पाहिलेले आहेत. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांनी, त्यातही बायकांनी लढून मिळवलेली. चंद्रपुरात बायका मोर्चे काढत नागपूरच्या अधिवेशनापर्यंत आल्या, २०१५ मध्ये बंदी झाली, २०२१ मध्ये उठली. त्या बायकांपुढे जाऊन मी काकवी आणि कोकोच्या छटा सांगू लागलो तर त्या मला हाणतील, आणि योग्यच करतील.

आमच्या घरातही एक सुधाकर होता. आईचा थोरला भाऊ, आमचे मामा. गाणं उत्तम, हस्ताक्षर मोत्यासारखं, पोरांना गोष्टी सांगण्यात हातखंडा. १९८४ मध्ये लिव्हर जाऊन वारले, वय सत्तेचाळीस. ते काय पीत हे मला माहीत नाही, कारण घरात त्यावर कुणी कधी बोललंच नाही. नुसतं 'ते' म्हणत. "त्यांना 'त्या'ची सवय आहे." त्यांच्या घशाखाली जे उतरलं त्याला ना चव होती ना नाव. लपून प्यायचं, झटकन प्यायचं, वास येऊ नये म्हणून वर बडीशेप. चव घ्यायला थांबायला वेळ लागतो आणि लपणाऱ्याकडे वेळ नसतो.

चाखायला शिकले असते तर मामा वाचले असते, असं मी म्हणणार नाही. गुणपत्रिका हातात धरून बरबाद झालेली माणसंही जगात असतील. शरीराला बारा टक्के म्हणजे बारा टक्के, मग वर व्हॅनिला घाला नाहीतर केशर. पण त्या संध्याकाळी एक कॅन आम्ही तिघांनी दीड तास पुरवला, आणि दुसरा उघडायची कुणाला इच्छा झाली नाही. आणि घरात पहिल्यांदा आईने आपल्या भावाचं नाव 'त्या'च्या संदर्भात घेतलं. म्हणाली, "दादाले मोहाचे लाडू लय आवडायचे." चाळीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

'पिणं' आणि 'न शिवणं' या दोन टोकांमध्ये आपण जी जागा रिकामी ठेवली, तिथे नुसती दारूची चव हरवलेली नाही. माणसंही तिथेच हरवलीत, आणि एक अख्खं झाडही. लंडनच्या हमालांची बिअर मला गुणपत्रिकेसकट माझ्या दिवाणखान्यात येऊन भेटते, आणि माझ्या आजोळच्या झाडाचा वास ओळखायला मला चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचं नाक लागतं, हे काही ठीक नाही. इतिहासाने केलं म्हणावं तर पुढचा इतिहास आपल्याच हातात आहे की.

असो. फारच गंभीर झालं. स्टाउटचा निकाल पुन्हा एकदा: ५० पैकी ३४, संत्र्यासोबत ३८. ज्यांच्या घरी मोहफुलांच्या लाडवांची किंवा भाकरीची जुनी कृती अजून कुणाला आठवत असेल, त्यांनी ती जरूर कळवा. आईची कृती 'अंदाजाने घ्यायचं' या मापात आहे आणि तो अंदाज मला येत नाही.